खेकड्यांच्या गेमचा दुसरा भाग

उर्से,
बुधवार

ती. सविता वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे उज्ज्वलाचा, वाकून नमस्कार. पाय कसा आहे? आता थंडी पडेल, वलवणला धरणावरून गार वारं सुटेल, तेव्हा पायाला तेल चोळून गरम फडकं बांधत जा. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कुणीच नाही. सासूबाई (तुमच्याच आई, म्हणून जास्त बोलत नाही) दिवसातून दहादा विचारतात, सवी का येत नाही. तुमचे भाऊ टोलनाक्यावरच्या ड्युटीवरून येतात, मुकाट जेवतात आणि झोपतात. आणि मी तर मेल्यात जमा आहे. जुलैपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचता, तेवढाच जिवाला आधार. का बोलत नाही ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक, त्यावर या पत्रात मी अवाक्षर काढणार नाही. हे पत्र फक्त गेमविषयी आहे. दुसऱ्या कुणाला सांगू? बचत गटाच्या बायकांना सांगितलं तर त्या माझी दृष्ट काढायला बसतील.

तुम्ही पाय मोडून महिनाभर इथं प्लास्टरमध्ये पडला होता, तेव्हाची गोष्ट आठवा. आमचा हृतिक नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचं गेमचं मशीन टीव्हीखाली धूळ खात पडलं. तुम्हीच म्हणालात, चालू तर कर बघू. त्या तांबड्या ग्रहावर आठ पायांचे शत्रू वळवळत आले आणि तुम्ही ओरडलात, "अगं बया, ह्ये तर खेकडं!" मग काय, खाचरातले खेकडे पकडण्यात वन्संचा हात कोण धरणार! (डब्यावरचं इंग्रजी नाव मला वाचता येतं, पण आपल्यासाठी तो खेकड्यांचाच गेम.) मी कॅप्टन बाई झाले, तुम्ही खांद्यावर तोफ घेतलेला जाडा मेकॅनिक झालात. टीव्हीची मधोमध वाटणी झाली, डावी बाजू माझी, उजवी तुमची. भांडण न होता झालेली वाटणी आपल्या घराण्यात ती पहिलीच. प्लास्टर निघालं तरी दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी तुम्ही लोणावळ्याहून लोकल धरून घोरावाडीला उतरत होता. लोकांना वाटायचं माहेरची ओढ. सासूबाईंनाही वाटायचं, बिचाऱ्या.

आता दुसऱ्या भागाविषयी. आधी गुण सांगते, नाहीतर म्हणाल उज्ज्वलाला नाव ठेवण्यापलीकडे काही येत नाही. चित्रं अशी झाली आहेत की कॅप्टनच्या हेल्मेटच्या काचेवर पावसाचे थेंब पडले तेव्हा मी पदराने दोनदा टीव्ही पुसला. आवाज असा की खेकडा डावीकडून येतोय की मागून, हे कानाला लावलेल्या हेडफोनमधून बरोबर कळतं. एकदा सासूबाई मागून चहा घेऊन आल्या आणि मी सोफ्यामागे उडी मारली. बंदुका तर विचारू नका, एकेक अशी नामी की हातातून ठेववत नाही. आणि खेकडे हुशार झालेत हो. पहिल्या भागात ओळीने मरायला यायचे. आता आडोसा धरतात, एकमेकांना हाका घालतात, एखादा जखमी झाला तर दुसरा त्याला ओढून नेतो. (खेकड्यांना इतकी माणुसकी. असो.)

इथपर्यंत गुण. इथून पुढे नुसती रड. पहिली गोष्ट, त्यांनी वाटणीच काढून टाकली. एका टीव्हीवर आता एकच माणूस खेळणार. दुसऱ्याला यायचं असेल तर त्याने आपल्या घरी, आपल्या मशीनवर, नेटवरून यायचं. ज्या कुणी हे ठरवलं त्याच्या घरात नणंद, भावजय, जाऊ, कोणी म्हणून कोणी नसणार. एवढा मोठा ग्रह रंगवला, त्यावर दोन चंद्र लावले, आणि सोफ्यावर शेजारी बसायला दुसऱ्या माणसाला जागा ठेवली नाही! मी पहिल्या दिवशी दोन्ही रिमोट पुसून ठेवले होते. तुमचा अजून तसाच आहे.

दुसरी गोष्ट खाली बसून वाचा. वन्सं, तुमचा मेकॅनिक गेला. लढताना गेला असता तर मी रडून मोकळी झाले असते. पण तो दोन भागांच्या मधल्या काळात वारला, आपल्या पाठीमागे. तळावर एक पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर त्याचं नाव, कॅप्टन तिथं पाच सेकंद थांबते आणि पुढे गोळ्या गोळा करायला जाते. पाच सेकंद! आपल्याकडे बैल गेला तरी माणसं त्याहून जास्त थांबतात. मी तिला मागे वळवून पुन्हा पाटीपाशी नेलं आणि रिमोट मांडीवर ठेवून बसून राहिले. तेवढ्यात मागून खेकड्यांनी तिला खाल्लं.

मेकॅनिकच्या जागी आता एक यंत्रमानव दिलाय. दिसायला डालड्याचा डबा, अक्कल त्याहून कमी. सातव्या टप्प्यावर एक लोखंडी दरवाजा आहे, त्याच्या दोन बाजूंच्या दोन कळा एकदम ओढल्या तर तो उघडतो. मी माझी कळ ओढते. डबा तिकडे जाऊन खडकाला तोंड लावून उभा राहतो आणि चालत राहतो, जागच्या जागी, दळण दळल्यासारखा. एकोणीस दिवस झाले, मी त्या दरवाजाशी आहे. तुमच्या भावाला म्हटलं, तुम्ही तरी बघा. बसले बिचारे. खेकडे रांगेत आले. यांना सवय कसली, तर समोर येईल त्याला एकदा बघायचं आणि पुढे सोडायचं. एकेक करत बारा खेकडे सोडले. त्यांनी मागे जाऊन सगळा तळ फस्त केला, आणि हे मला म्हणतात, "रांग तर तुंबली न्हाई ना?"

मग हृतिकने फोनवर सांगितलं की नेटवर अनोळखी माणसं असतात, तू त्यांच्या लढाईत मदतीला जा, ते तुझ्या लढाईत येतील. वन्सं, मला इतका आनंद झाला! म्हटलं, ही तर आपली सावड. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. रीतीप्रमाणे आधी मी गेले. सहा दुपारी राबले, खरकटी भांडी तशीच टाकून. एकाचं नाव नुसते आकडे, एकाचं नाव यमदूत, पण मी नावाला बघितलं नाही. त्यांचे दरवाजे उघडून दिले, त्यांच्या अंगावरचे खेकडे मी माझ्या अंगावर घेतले. (सावडीला गेलं की निदान दुपारची भाकरी तरी मिळते. इथं पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.) सातव्या दिवशी मी हेडफोनमधून यमदूताला हिंदीत विचारलं, भैया, आता आमच्याकडे कधी येता? तो म्हणाला, "कौन आंटी?" आणि दिसेनासा झाला. बाकीचेही तसेच पांगले. मी एवढ्या मोठ्या ग्रहावर एकटी उभी. सासूबाईंना हे सगळं रडत रडत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बये, सावडीला वळखीचं मानूस लागतं. आन् आपुन गेलो न्हाई तर त्यानं का यावं?" मी म्हटलं, अहो मी गेले होते, सहा दिवस गेले होते! त्यावर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा माझं मत असं की दुसरा भाग दिसायला देखणा आणि आतून ओसाड. पहिल्या भागात रंग विटके होते, बंदुका अडकायच्या, तुम्ही निम्म्या गोळ्या माझ्याच पाठीत घालत होता आणि वर मलाच म्हणत होता, मधे का कडमडलीस. तरी तो गेम चांगला होता. मला तुमच्यावाचून करमत नाही, वन्सं. मोठ्यांना माझा नमस्कार सांगा आणि लहानांचे गालगुच्चे घ्या. बाकी लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

दरवाजाशी अडकलेली तुमची
उज्ज्वला

ता. क. हृतिकच्या मित्राकडे एक जुनं मशीन पडून आहे. ते मी वलवणला आणून तुमच्या टीव्हीला जोडून देईन, नेटचंही तोच बघेल. मग तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या. माझ्याशी एक शब्द बोलू नका. नुसती उजवीकडची कळ धरा.

ता. क. २. वरचं ता. क. वाचलं असेल तर विसरून जा. लिहून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. जे लिहिणार नव्हते ते लिहिते. तुमच्या भातलावणीच्या दिवशी माझा गुडघा दुखत नव्हता. आमच्या खाचरात तुम्ही त्या मोडक्या पायाने दोन दिवस वाकला होता, आणि तुमची पाळी आली तेव्हा मी फोनवर कण्हले. त्याच सकाळी दुसरा भाग आला होता. म्हटलं तासभर बघू आणि दुपारची लोकल धरू. संध्याकाळी तुम्ही चिखलाच्या हाताने गुडघ्याची चौकशी करायला फोन केलात आणि माझ्या मागे टीव्हीत तोफ वाजत होती. तुम्ही ती ओळखली नसती तरच नवल. एक अक्षर न बोलता फोन ठेवलात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं चुकलं, वन्सं.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही, कारण ते पोस्टाने आलेलं नाही. तुमच्या जाऊबाई अनिताच्या हाती देतेय. कापणी कालपासून सुरू झाली म्हणे. मी खाली तुमच्या खाचराच्या बांधावर उभी आहे, विळा सासूबाईंचा आणलाय. त्यांनीच धार लावून दिला. आत बोलवू नका, चहा विचारू नका, माझ्याकडे बघूही नका. फक्त तुमच्या शेजारची पात मला धरू द्या.