पित्त आहे, म्हणालो

९ जानेवारी २००५, रविवार

काल मेलोच होतो. वाढवून लिहीत नाही.

शनिवार, कॉलेज अर्धा दिवस. नेहमीसारखा रिह्याला गेलो. आमच्या ज्युनियर कॉलेजचा शिपाई जालिंदर तिथं एका पुणेकराचं फार्महाऊस सांभाळतो. मालक सहा महिन्यांतून एकदा फिरकतो, म्हणून मागची पडवी आमची. आठवड्यातून एकदा, दोन पेग, फार तर अडीच. प्यायची तर माणसानं शिस्तीत प्यावी असं माझं मत आहे.

पहिलाच पेग अर्धा झाला होता. अचानक चेहरा तापला, कान तापले, छातीत ढोल वाजायला लागला. नाडी धरली. पंधरा सेकंदांत पस्तीस ठोके, म्हणजे मिनिटाला एकशे चाळीस! डोकं फुटतंय असं वाटलं. मग उलटी — पडवीच्या कडेला, जालिंदरच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात.

जालिंदर म्हणतो, "सर, त्वांड लालबुंद झालंय तुमचं. घरनंच घिऊन आला हुता का काय?" शिपाई आहे म्हणून ऐकून घेतलं. एरवी दोन शब्द सुनावले असते.

घरी आलो आणि थेट आडवा झालो. नलिनीला म्हणालो, पित्त आहे. ती "हं" म्हणाली आणि भांडी घासत राहिली. तिला यातलं काही ठाऊक नाही. सात वर्षं झाली, कधी कळू दिलं नाही. बडीशेप, लवंग, मग उरवड्याच्या पारावर अर्धा तास वारा खायचा, त्यानंतरच घर. मुलगी अकरावीला, त्यात माझ्याच वर्गात. बापानं जपावंच लागतं.

११ जानेवारी

आज हृदय शिकवलं. जालिंदरच्या घरी रविवारी बोकड कापला होता, त्याचं काळीज त्यानं फडक्यात बांधून आणलं. झडपा उघडून दाखवल्या. डावा कप्पा जाड का, उजवा पातळ का — डाव्याला अख्ख्या शरीराला रक्त पुरवायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. पोरं गप्प बसून बघत होती. बऱ्याच वर्षांत तास इतका रंगला नव्हता.

एकच गोष्ट. ब्लेड धरलेला हात थरथरत होता. पुढच्या बाकावर आमची जुईली होती. तिनं हाताकडे बघितलं, काळजाकडे नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, साखर उतरली असणार.

१२ जानेवारी

शनिवारपासून संध्याकाळचीही घेतलेली नाही. (संध्याकाळची मी पिण्यात धरत नाही. पाव चपटी, स्कूटरच्या डिकीत, झोप लागावी म्हणून.) झोप नाही. घाम. वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले, हृदयानंच. मी एकोणपन्नास.

१३ जानेवारी

पौडला डॉक्टरकडे गेलो, कार्डिओग्राम काढला. पट्टी मीही वाचली. मुलांना शिकवतोच की. पी, क्यू, आर, एस, टी, सगळं जागच्या जागी. डॉक्टर म्हणाले हृदय ठणठणीत आहे. मग पोट दाबून पाहिलं. यकृत दोन बोटं खाली लागतंय म्हणाले. "घेता का?"

म्हणालो, कधी तरी. समारंभाला.

त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही, नुसतं बघितलं. असल्या नजरेनं मी कॉपी करणाऱ्या पोरांकडे बघतो. अपमान वाटला.

१५ जानेवारी, शनिवार

हृदय ठणठणीत आहे म्हटल्यावर रिह्याला गेलो. एकच पेग घेतला, पाणी जास्त घालून. दहा मिनिटं बरी गेली. मग पुन्हा तेच! चेहरा, कान, ढोल, उलटी. या खेपेला दमही लागला. खांबाला धरून बसलो आणि खरंच वाटलं की संपलं सगळं. त्याच बाटलीतली जालिंदरनं घेतली, त्याला ढेकरही आली नाही. म्हणजे बाटलीत खोट नाही, खोट माझ्यात.

नलिनीला पुन्हा पित्तच सांगितलं. कोकमाचं सरबत दिलं तिनं. किती साधी बाई आहे.

१६ जानेवारी

नाही घेतली. काही झालं नाही.

१७ जानेवारी

नाही घेतली. काही झालं नाही. झोपही नाही.

२० जानेवारी

सापडलं.

सकाळी दाढी केली, लोशन लावलं. गाल पेटल्यासारखे लाल झाले, डोक्यात ठणका. वीस वर्षं हेच लोशन लावतोय. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली — स्पिरिट. दारूच ती, अंगाला लावायची. पाच दिवस थेंब पोटात गेला नव्हता आणि एवढ्याशानंसुद्धा अंगात आग लागली.

पहिले दोन तास मोकळे होते, लायब्ररीत बसून यकृताचं प्रकरण काढलं. दारू यकृतात दोन टप्प्यांत जळते. आधी एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतो. हे जहर आहे, पण क्षणभराचं. लगेच दुसरा विकर त्याचं साधं अ‍ॅसिटिक आम्ल करतो, व्हिनेगरमध्ये असतं ते. मग पुढे पाणी आणि वायू. पहिल्या एस.टी.नं माणसं पिरंगुटला आणून सोडायची आणि दुसरीनं पुढे न्यायची, असं हे चालतं. दुसरी गाडीच बंद पडली तर? पिरंगुटला माणसांवर माणसं साठणार. रक्तात जहर साठणार. चेहरा लाल, नाडी एकशे चाळीस, उलटी.

आणि दुसरी गाडी बंद पाडणारी गोळी असते. पुस्तकात आहे. दारू सोडवण्यासाठी देतात. तिला चव नाही, वास नाही म्हणावा इतका थोडा.

पिरंगुटच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेलंही आहे. 'न सांगता दारू सोडवा. जेवणातून द्या.' रोज स्कूटरवरून वाचत जातो. हसायचोसुद्धा.

मी तर गोळी घेतलेली नाही. मग माझं जेवण कोण रांधतं?

२१ जानेवारी

नलिनी दळण आणायला गेली तेव्हा स्वयंपाकघर धुंडाळलं. माझ्याच घरात चोरासारखा. भाजणीच्या डब्यात तळाशी सापडली. गोळ्यांची पट्टी, सात जागा रिकाम्या.

ती आल्यावर पट्टी तिच्यापुढे धरली. तिनं हातात घेतली, उलटसुलट केली, नाव वाचलं. बराच वेळ वाचत होती. मग माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हो. मीच घालत होते."

बस्स, एवढंच. ना रडणं, ना माफी. पट्टी ओट्यावर ठेवून दिली.

मी खूप बोललो. लिहितो म्हणजे हलकं वाटेल. तेवीस वर्षं जिच्या हातचं डोळे मिटून खाल्लं तिनं केसानं गळा कापला. शेजारणीनं करावं, वैऱ्यानं करावं! मी दोन वेळा मरणाच्या दारात जाऊन आलो, ही कोकम सरबत देत होती. डॉक्टरला विचार, न सांगता ही गोळी दिली तर माणूस दगावतो. सात वर्षं मी घरात वास येऊ दिला नाही. कुणाला त्रास दिला? पगार हातात आणून दिला नाही? आवाज तरी चढवला कधी?

त्यावर ती हसली. तिचं ते हसणं डोक्यातून जात नाही.

२२ जानेवारी, शनिवार

जा म्हणालो. गेली. राहुरीला, माहेरी, एक बॅग घेऊन. जाताना जुईलीच्या केसांवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभी होती.

जुईली गेली नाही. "परीक्षा आहे," म्हणाली. पोरीला न्याय-अन्याय कळतो.

२४ जानेवारी

जुईली पहाटे उठून डबा करते. आमटीला आईसारखी चव नाही पण निर्धास्त जेवलो. किती दिवसांनी.

२६ जानेवारी

झेंडावंदन. मुख्याध्यापकांनी मला उभं केलं — "सर, शास्त्रीय अंगानं व्यसनमुक्तीवर चार शब्द बोला." बोललो. यकृत, मज्जातंतू, कुटुंबाची धूळधाण, सगळं. चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. जुईली पहिल्या रांगेत होती, तिचे हात मागे बांधलेले होते.

नंतर चहा देताना जालिंदर हळूच म्हणाला, "सर, वैनीस्नी आणा आता माघारी. लई झालं." म्हणालो, तू तुझं बघ. हाही तिच्याच बाजूचा.

३० जानेवारी

राहुरीहून फोन नाही. मीही केला नाही. तिला माहीत असताना तिनं समोर बसून विचारायचं होतं. बोलायचं होतं, भांडायचं होतं. मी काय वाघ आहे? पाठीत वार करायचा आणि वर हसायचं. चूक कबूल केल्याशिवाय दार उघडणार नाही.

गोळीचा अंमल फार तर दोन आठवडे राहतो असं पुस्तकात आहे. बाविसाव्या तारखेपासून मोजतोय. पाच फेब्रुवारीला शरीर स्वच्छ. एक घोट घेऊन बघायचा. पिण्यासाठी नाही — प्रयोग म्हणून. काही झालं नाही की सिद्ध झालं, खोट माझ्यात नव्हती, तिच्या हातात होती.

४ फेब्रुवारी

उद्या.

७ फेब्रुवारी, सोमवार, पौड, दवाखाना

हाताला सलाइन आहे, अक्षर वाकडं येतंय.

परवा रिह्याला गेलो. एक घोट म्हटलं होतं, पण काही होत नाहीसं पाहून ग्लास संपवला आणि दुसरा भरला. आनंद झाला होता. त्यानंतर आधीच्या दोन्ही खेपांच्या दुप्पट! छाती, दम, डोळ्यांपुढे अंधार. नाडी हाताला लागेना. जालिंदरनं मला स्कूटरवर पुढ्यात धरून इथवर आणलं, एका हातानं हँडल आणि एका हातानं मी. डॉक्टर म्हणाले रक्तदाब साठपर्यंत उतरला होता, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं. मग दार लावून घेऊन विचारलं, "गोळी कोण देतंय तुम्हाला?"

म्हणालो, बायको.

पण ते खोटं आहे. नलिनी राहुरीत आहे. सोळा दिवस झाले. तिचा हात तिथून माझ्या ताटापर्यंत पोचत नाही.

जुईली सकाळी पेज घेऊन आली. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि तसाच ठेवला. ती म्हणाली, "आज काही नाही त्यात." नंतर खिडकीबाहेर बघत बसली. मी पुढे विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

माझी पोर! हिला न्याय-अन्याय कळतो म्हणून मी याच वहीत लिहिलं होतं. गोळी यकृतात काय करते ते हिला कुणी शिकवलं? मीच शिकवलं असणार. पुस्तक तर माझंच आहे, घरात उघडं पडलेलं.

बायको, लेक, शिपाई, डॉक्टर. सगळ्यांना सगळं माहीत. मीच एकटा पारावर बसून बडीशेप चघळत होतो.

८ फेब्रुवारी

घरी आलो. विचारलं.

"पहिल्यापासून मीच," जुईली म्हणाली. "तुम्ही पट्टी दाखवलीत तेव्हा आईला कळलं."

मग आईनं स्वतःवर का घेतलं?

"तुम्ही मला परत मारू नये म्हणून."

परत? मी म्हणालो, तुझ्यावर मी जन्मात हात उगारलेला नाही. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "दिवाळीच्या पाडव्याला, बाबा. तेव्हापासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

मागच्या वर्षीची वही काढली. पाडव्याचं पान आहे. अक्षर माझंच आहे. 'फराळ छान झाला. लवकर झोपलो. विशेष काही नाही.'