घर-घर देवी

१८ फेब्रु. १९५७, सोम.
नवा प्रदेश झाल्यापासून ऑफिसात निम्मी टेबलं रिकामी. कागद भोपाळला, माणसं भोपाळला. लस कुठून यायची, कोणालाच ठाऊक नाही. देवी काढणाऱ्या आम्ही दोघी. मराठी घरं माझी, हिंदी घरं शांतीबहनची. आज तिची इंदूरला बदली. म्हणजे अख्खी दाना ओली, हिंदी-मराठी सगळी गल्ली, माझ्या गळ्यात. डॉक्टरसाहेब म्हणतात, "आप तो सब सँभाल लेंगी." हो, दहा हात आहेत ना मला.

२१ फेब्रु., गुरु.
लस आली एकदाची. बर्फ वितळलेला, पण चालेल म्हणे. ओलीत हलवायाच्या मुलाला देवी आल्यात, त्यामुळे घाई. दवंडीवाला घरीच आला, "क्या बोलूँ, बाई?" माझी पोळी तव्यावर. म्हटलं, बोल, सोमवार को घर-घर देवी निकालेंगे.

२५ फेब्रु., सोम.
सगळी दारं बंद. चौकटींना कडुनिंबाचे डहाळे. आपण देवी काढतो म्हणजे टोचतो. हिंदीत देवी निकली म्हणजे रोगच आला. आणि तो मेला दवंडीवाला पार बाड्याच्या चौकापर्यंत ओरडत गेला, सोमवार को घर-घर देवी निकलेंगी. जन्मभर या लोकांशी हिंदीत भांडले, नेमकी तेव्हाच तोंडून मराठी सांडली. हे जेवताना हसत सुटले. मी ताट उचलून आत गेले.

२७ फेब्रु., बुध.
पुन्हा दवंडी, या वेळी "टीका लगेगा", म्हणजे लस टोचणार. आता कोण ऐकतंय. हलवायाला लागून रामकली जिज्जीचं घर. दर वर्षी लोणच्याच्या कैऱ्या तीच निवडून देते मला. तिची नात मुन्नी अजून मांडीवरची, टोचलेली नाही. जिज्जी दाराआडून म्हणाली, "न्योता तुमने दिया है, बाई. अब तुम्हीं निभाओ." देवीला आवतण मीच दिलं म्हणे.
उद्या परत जाणार. हाकलू दे.

२ मार्च, शनि.
हलवायाचा मुलगा सकाळी गेला.
दुपारी जिज्जीनं आपणहून दार उघडलं. नुसता मुन्नीचा दंड पुढे केला. टोचलं. पोर रडली. मलाही रडू येत होतं, पण सामान आवरायला घेतलं. मग शेजारची दोन-तीन घरं उघडली. बाकीची नाहीत.

४ मार्च, सोम.
मुन्नीला ताप. टोचल्याचा ताप आठवड्याने येतो, इतक्यात नाही. सर्दीचा असेल. सर्दीचाच असू दे. अंग पाहिलं, अजून स्वच्छ आहे. डॉ.सा. म्हणाले, वाट बघण्याशिवाय इलाज नाही.
जिज्जीनं विचारलं, "बाई, ये तुम्हारी वाली देवी है कि हमारी वाली?"
रागानं नाही. खरंच विचारत होती. त्या सोमवारीच टोचलं असतं तर...
म्हटलं, परसों तक देखो; अंगावर फोड यायचे असतील तर तोवर दिसतील. तिनं मान हलवली आणि मला बसायला पाट दिला. फार भीती वाटते आहे. उद्या ऑफिसच्या आधी तिच्याकडे.