मुंग्यांची वाट आणि तळमजल्यावरची खोली

१२ मार्च

चि. टिल्लू,

पन्नाशीला टेकलास तरी पत्रात हेच नाव येणार. तक्रार असेल तर बाबांकडे कर. आम्ही दोघे कुशल आहोत. बाबांचा डावा कान आता केवळ शोभेपुरता उरला आहे, पण भूक उत्तम. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू "काय विशेष?" विचारतोस आणि मी "काही नाही, सहजच" म्हणून मोकळी होते, म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं सांगते. आमच्या इस्पितळातल्या परिचारिका रुग्णांच्या घरी जातात. कोणत्या घरी आधी जायचं, हे माझा प्रोग्रॅम ठरवतो. सोपं वाटतं ना? दहाच घरं घे. त्यांचे क्रम छत्तीस लाखांहून अधिक होतात. ते सगळे तपासत बसण्याऐवजी मी मुंग्यांची रीत वापरते. मुंगी चालताना गंध ठेवते. जवळच्या वाटेवरची मुंगी लवकर परतते, तिथे गंध दाट होतो, आणि मागच्या तिकडेच वळतात. संगणकात मुंग्या नसतात, आकडे असतात. युक्ती मात्र तीच. आणि खरी गंमत पुढेच आहे: गंध उडूनही जायला हवा. तो उडाला नाही, तर प्रथम सापडलेली बरी वाट कायमची होते आणि तिच्याहून चांगली कुणी शोधतच नाही.

मी नेमकं तेच करून ठेवलं होतं. गंध इतका सावकाश उडायचा, की नवे रुग्ण जुन्याच वाटेला शेपटासारखे जोडले जात. मुख्य परिचारिका येऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुंग्या कायम नोकरीत आहेत का हो? एकदा चिकटल्या की हलायचं नाव नाही." मी गंध उडण्याचा वेग वाढवला. काही काळ उत्तरं बिघडली, मुंग्या भरकटल्या. मग एक अगदीच निराळा क्रम सापडला. परिचारिका आता उजेड असतानाच आपापल्या घरी पोचतात.

हे सारं जेवताना बाबांना उजव्या कानात समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्यांनीच काढली. एका दूरच्या इस्पितळाने हीच व्यवस्था उभारायला मला वर्षभरासाठी बोलावलं आहे. मी नकार कळवला होता. त्यांचा पुन्हा आलेला फोन मी आंघोळीला गेले असताना बाबांनी घेतला. ऐकू कसं आलं, असं विचारलं, तर म्हणाले, कामाचं तेवढं येतं.

मग म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा तू जवळ होतीस, म्हणून मी इथे आलो. पुढे कुणी विचारलंच नाही. ना तू टिल्लूला, ना कुणी मला."

मी म्हटलं, त्याची अडचण होईल.

"ते त्याला ठरवू दे की."

तर विचारते. एक वर्ष बाबांना तुझ्याकडे ठेवशील का? जिने त्यांना झेपत नाहीत, तेव्हा तळमजल्यावरची खोली रिकामी करावी लागेल. आधी बायकोशी बोल. तिच्या मनात नसेल तर विषय संपला. बाबा चहा स्वतः करतात, पण गॅस बंद करायला विसरतात. हे न सांगता त्यांना पाठवणं बरं नव्हे.

मला जायचं आहे, टिल्लू. ते लोक महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. जमत नसेल तर तसं स्पष्ट लिही. वाईट वाटणार नाही असं म्हणवत नाही. पण तुझं उत्तर, ते कोणतंही असो, मला हवं आहे.

आजवर काही न मागणारी,
तुझी ताई