तीन माणसांपुरता सज्जा

प्रिय बाबा,

तुम्हाला आधी मुद्दे लागतात आणि मग गप्पा. म्हणून घडलं ते क्रमाने सांगते.

१. राजवाड्याच्या दर्शनी सज्ज्याची तपासणी मी केली.
२. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी तोड्यांवर तो सज्जा उभा आहे. त्यातले दोन तोडे आतून तडकले आहेत.
३. दुरुस्ती होईपर्यंत एका वेळी तीनच माणसं, असं मी लेखी कळवलं.
४. स्थापनादिनाला राजघराण्यातली अकरा माणसं तिथे उभी राहून हात हलवतात.
५. मला राजासमोर बोलावलं गेलं. मी आकडा बदलला नाही.
६. नोकरी शाबूत आहे.

आईने हे पत्र तुमच्या चहाशेजारी ठेवलं असेल आणि "वाचा नाहीतर राहू द्या, मला काय" म्हणत ती आत गेली असेल. मी राजवाड्याच्या इमारत विभागात रुजू झाले त्या दिवसापासून आपण बोललेलो नाही. "जा, त्यांच्या बिजागऱ्यांना तेल घाल, इंजिनीअरीणबाई," हे तुमचं शेवटचं वाक्य. माहितीसाठी सांगते, बिजागऱ्यांना तेल घालायला इथे वेगळा माणूस आहे आणि तो कोणाला हात लावू देत नाही. आमचं ऑफिस मागच्या जुन्या तबेल्यात आहे. हीटर एकच, तो थोरल्या अभियंत्यांच्या पायाशी. ते अजून पेन्सिलीने आराखडे काढतात आणि रेघ मनासारखी आली की गुणगुणतात. माझी खोली दोन जिने वर आहे, खिडकीतून बसआगाराचं छत दिसतं. स्वयंपाक जेमतेम जमतो. पण काम आवडतं, झोप लागते. तक्रार नाही.

तुम्हाला आठवत असेल, स्थापनादिनाला सगळी गल्ली झेंडे घेऊन चौकात जायची आणि तुम्ही मला घेऊन तुमच्या दगडांच्या कारखान्यात. "ज्याला निवडून देता येत नाही, त्याला पाडताही येत नाही," असं दरवर्षी एकदा म्हणायचात. मग विषय बंद करून हातोडी माझ्या हातात द्यायचात. चांगला दगड खणखणतो, तडकलेला भद्द वाजतो. मला तेव्हा झेंडा हवा होता. हातोडी मिळाली, ती जास्त टिकली. यंदा सज्ज्याखाली परांचीवर चढून मी एकेक तोडा वाजवला. दोन भद्द बोलले. नंतर यंत्र लावलं, त्यानेही तेच सांगितलं. पण यंत्र नेमकं कुठे लावायचं हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

आता राजासमोरची बैठक. खाजगी सचिव फार गोड बोलतात. म्हणाले, "तीनच्या जागी पाच लिहा ना, ताई. आमचं राजघराणं मुळात हडकुळं आहे." राजाची आत्या म्हणाली की ती परकरात होती तेव्हापासून त्या सज्ज्यात उभी राहते आणि सज्जा तिला ओळखतो. मी म्हटलं, दगडाला मानपान कळत नाही, वजन कळतं. तेव्हा पंतप्रधानांच्या कार्यालयातून आलेले गृहस्थ पुढे सरकले. परदेशी पाहुणे येणार, कॅमेरे लागणार, सज्जा रिकामा दिसला तर लोक काय म्हणतील, आणि शिवाय हे वरून आलंय. राजा समोर बसलेला असताना वरून म्हणजे कुठून, हे मी विचारलं नाही. मी सरळ राजालाच विचारलं, की मला आकडा बदलायचा हुकूम तुम्ही देऊ शकता का. तो म्हणाला, "मला कोणालाच हुकूम देता येत नाही, बाई. लिहून दिलेलं वाचतो, पुढे ठेवतील त्यावर सही करतो आणि वर्षातून एकदा हात हलवतो. त्यातलं शेवटचं काम मला खरंच जमायचं, नेमकं तेच तुम्ही बंद केलंत." आत्या सोडून सगळे हसले. मग तो त्या गृहस्थांकडे वळून म्हणाला, "यांनी नाही म्हटलंय. झालं." यंदा सगळं कुटुंब खाली पायऱ्यांवर उभं राहणार आहे. अभियंत्यांनी मनाई केली म्हणून, असं त्याने स्वतः जाहीर केलं. तुम्ही पेपरात वाचलं असेल. ती मनाई माझी.

माझं मत बदललेलं नाही, बाबा. जन्माने मिळालेली खुर्ची मला आजही पटत नाही. त्या खोलीत निवडून आलेल्यांचा माणूस आकडा वाकवायला आला होता आणि ज्याला कोणी निवडलं नाही तो वाकला नाही, हे खरं. पण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. पुढचा राजा सचिवांचं ऐकेल आणि त्याला पाडता येणार नाही. तुमचं म्हणणं जागेवरच आहे. तरी देशातल्या सगळ्यात उंच जागी बसलेल्या माणसाने सगळ्यांदेखत 'नाही' ऐकून घ्यावं, याचा लोकांना काही उपयोग होत असावा असं मला वाटू लागलंय. किती होतो ते मोजता येत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता कामाचं. दोन तोडे नव्याने घडवायचे आहेत. यंत्रावर कापून मिळतात, पण भिंतीतली जुनी खाच वाकडी आहे, तेव्हा जागेवर बसून हाताने जुळवावे लागतील. त्यासाठी दोन पाथरवटांची नावं यादीत आली आहेत. दोघेही चांगले आहेत. तिसरं नाव मला तुमचं द्यायचं आहे. आपलं नातं मी आधीच लेखी कळवलंय, निवड थोरले अभियंते करतील आणि त्या बैठकीत मी नसेन. काम मागच्या अंगणात, ये-जा बाजूच्या फाटकातून. राजा कधीकधी बघायला येतो. पाथरवट दगडापुढे बसलेलाच असतो, तेव्हा उठून उभं राहायचा प्रश्न येणार नाही. गुडघे दुखतात असं आई म्हणाली, दगड उंचावर ठेवायची सोय करता येईल. तोडा घडवणारा आणि तो भार पेलेल असं लिहून देणारा, दोघांच्या सह्या एकाच कागदावर लागतात. तुमच्या सहीखाली माझी सही असावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. त्या तोड्यांवर पुढे कोण उभं राहणार, ते माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. नावं शुक्रवारी सकाळी द्यायची आहेत. हो असो वा नाही, गुरुवारपर्यंत तुम्ही स्वतः कळवा, आईकरवी नको.

तुमचीच,
धाकटी