घोटा नाही, कंबर!

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा घोटा धरला! एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा शिट्टी, तिन्ही वेळा समोरच्यांना फ्री किक. सतरा वर्षं कबड्डी खेळले, अंगात मुरलंय — पाय दिसला की हात खाली जातोच. या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मात्र चेंडू हातात घेऊन पळणारीला धरायचं ते खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. काय नाजूक खेळ!

कोच ग्लेन सत्तरीचा. ऑस्ट्रेलियातल्या खेड्यापाड्यांतले संघ घडवण्यात आयुष्य गेलं. आता सिंगापूरला मुलीकडे आलाय, पण स्वस्थ बसवत नाही. आज ओरडला नाही. जवळ येऊन म्हणाला, "सविता, पंधराला क्वालालंपूरच्या बायकांशी मॅच आहे. पुढच्या सरावात एक जरी घोटा धरलास, तर तू बाकावर."

एकोणचाळिसाव्या वर्षी पहिली मॅच, आणि बाकावर? छट्!

६ मार्च

ऑफिसात लक्ष नाही. पाया लेबारच्या मेट्रो स्टेशनवर लोकांच्या कमरा बघत उभी होते. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते!

८ मार्च, शनिवार

प्रबोधला आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पळायला लावलं. नवरा आहे, तेवढं चालतं. अट अशी — मी घोटा धरला तर भांडी माझी. दहा मिनिटांत आठवडाभराची भांडी गळ्यात पडली.

शेजारच्या टॅन आंटी लिफ्टमधून बाहेर आल्या. प्रबोध जमिनीवर आडवा, मी त्याच्या पायाला लटकलेली. मला नाही, त्यालाच विचारलं, "यू ओके ऑर नॉट?" इशिता चार पावलं लांब उभी. "आई, स्टॉप लाह! सगळे बघतायत." तेराव्या वर्षी आईची लाज वाटायचीच. वाटू दे.

पण एक सापडलं! कबड्डीत नजर पायांवर. इथे पोटावर ठेवायची. नजर वर राहिली की हातही वर राहतात. शेवटच्या पाच पकडी कमरेच्या!

११ मार्च

एकही घोटा नाही. ग्लेन म्हणाला, "हं." मला तेवढं पुरे.

१५ मार्च, शनिवार

खेळले!! चार पकडी, चारही कमरेच्या. एकदा तर चेंडूच सुटला तिच्या हातून, आणि आमच्या राधिकाने गोल मारला. अशी ओरडले की घसा बसला.

शेवटची पाच मिनिटं उरली होती. चेंडू उचलायला वाकले, आणि समोरची ओल्या गवतावरून घसरत थेट माझ्या गुडघ्यावर आली. आतून 'कट्' झालं. बिचारी माझ्याआधी तीच रडायला लागली. चार गुणांनी हरलो.

नाजूक खेळ म्हणे! नियम कशासाठी आहे ते आता कळलं.

२० मार्च

एमआरआय झाला. लिगामेंट पूर्ण तुटलंय, ऑपरेशन लागणार. डॉक्टरीण म्हणाली, "चालाल, जिने चढाल. पण हा खेळ विसरा."

एका मॅचची कारकीर्द! घरी येऊन मनसोक्त रडले. भांडी प्रबोधने घासली.

२५ मार्च, मंगळवार

सहाला सराव. क्षिप्रा नावाची नवी मुलगी येतेय, कबड्डी खेळलेली. तिचे हात खाली जाणार. ते वर कसे आणायचे, ग्लेनला ठाऊक नाही. मला आहे.

कुबड्या घेऊन निघतेय. शिट्टी विकत घेतली. ग्लेनला अजून विचारलेलं नाही.