सुमन अळंबीला गेली आहे

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, शेणवा. दिवेलागण.

परवा ढग गडगडले, म्हणजे अळंबी फुटणार. म्हणून दुपारी बायको सुमन शेजारच्या काशीवहिनींबरोबर माळावर गेली. वहिनी परतल्या, सुमन नाही.

"माज्या मागंच व्हती, भावजी. येल, घाबरू नका!"

घाबरू नको तर काय करू? पुन्हा विजा कडाडताहेत. वीज घरावर पडू नये म्हणून सुमन अंगणात कोयता फेकते, मी हसतो. आज मीच फेकला. गडगडाटात म्हणायची अर्जुनाची दहा नावं शाळेत मुलांकडून घोकून घेणारा मी, चौथ्यावरच अडकलो. फोन लागत नाही. कोयता अंगणात भिजतोय, माळावर ती.

टॉर्चही मेलेला. निघतो तसाच. चमक गं बाई, चमक. तेवढीच वाट दिसेल.