सानियाची जोडीदार

४ जुलै
असेंब्लीत नववीची सानिया कन्नड बातम्या वाचताना अडखळली. घरी पोचेपर्यंत त्याची क्लिप माझ्याही फोनवर. प्रत्येक अडखळण्यावर बकरीचं बें बें.

५ जुलै
सानिया आली नाही. स्टाफरूममध्ये क्लिप फिरवून हशा. शिकलेली माणसं म्हणे! मोठ्या आपांच्या, म्हणजे हेडमिस्ट्रेसच्या, कानावर घातलं. "शाळे में फोनच मना है, फिर क्लिप कां से आती?" झालं. घडलंच नाही.

८ जुलै
सानियाच्या घरी गेले. अम्मी दारातच हळू आवाजात, "पोट दुखायलंय म्हणून सांगितलंय तिच्या अब्बाला. खरं कळलं तर शाळाच बंद करतेत." चोर सोडून संन्याशाला फाशी. वाटेत सगळ्यांना शिव्या घातल्या, मनात.

१२ जुलै
कुराण पाठ करणाऱ्या मुली जोडीनं बसतात. एक म्हणते, दुसरी ऐकते, अडली की हळूच शब्द देते. तिथं कुणी हसत नाही. मग असा त्रास झालेल्या मुलींनाही मन मोकळं करायला तशाच जोड्या का नकोत? आपा कुरकुरत हो म्हणाल्या. नियम माझा: जोडीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. सानियाला नाझनीन दिली. वर्गातली सगळ्यात समजूतदार.

२० जुलै
नाझनीन रोज घरी जाऊन सानियाला घेऊन येते. आज दोघी एकाच डब्यात जेवत होत्या. बरं वाटलं. फार दिवसांनी.

२ ऑगस्ट
नाझनीन व्हरांड्यात थांबली होती. "म्याडम, ते बकरीचं म्याच लावलं होतं. अक्काच्या फोनवरून. गंमत म्हणून."
सानियाला सांगितलंस?
"न्हाई. ती म्हणती, तू न्हाईस तर मी शाळेला येत न्हाई."
हात शिवशिवले. मग ती रडायला लागली आणि मला तिची कीव आली. त्याचाच जास्त राग येतोय.

३ ऑगस्ट
आपांना सांगावं, तर नाझनीनचं शाळेतून नाव कटणार. चौकशी सानियाच्या अब्बापर्यंत जाणार, मग तीही घरी. आणि गप्प बसावं तर...
दुपारी सानियाच आली. परत कन्नड बातम्या वाचायच्यात तिला. "नाझनीन मागं उभी राहणार हाय. अडले की शब्द देणार." किती खूश होती. जाता जाता वळली.
"म्याडम, क्लिप कुणी केली, कळलं का हो? नाझनीन म्हणती, जाऊ दे. तुम्ही काय म्हणता?"
म्हटलं, घंटा होईल, वर्गात जा.
घंटेला अजून बराच वेळ होता.